स्वेटर डिकीत, पोरगी थंडीत

या वेळचं पत्र नाशिकच्या एका आईचं आहे. नाव छापू नका म्हणाल्यात. पत्र मोठं होतं, थोडं कमी करून देतेय.

"नमस्कार बाई. मी इंदिरानगरला राहते. मुलगी १६ वर्षांची, अकरावी सायन्सला. सकाळी ६ वाजता क्लासला निघते, तिथून परस्पर कॉलेज, घरी यायला दीड वाजतो. तिला बॅटरीची छोटी गाडी घेऊन दिलीय, २५ च्या वर पळत नाही ती. प्रॉब्लेम असा की डिसेंबर लागल्यापासून पारा आठ-नऊवर आहे आणि ही बाई पातळ टी-शर्ट घालून निघते. सासूबाईंनी स्वतः विणलेला मरून स्वेटर आहे, तो घातल्याशिवाय मी दाराबाहेर पडू देत नाही. पण परवा गाडी धुवायला काढली तर स्वेटर डिकीत, चुरगळून, खाली बोळा करून कोंबलेला. विचारलं तर म्हणाली, रोज कोपऱ्यावर काढते. मला रडूच आलं. लहानपणी तिला बाळदमा होता, दोनदा नेब्युलायझर लावायला लागलाय, त्यामुळे मला खूप टेन्शन येतं. सासूबाई म्हणतात तुझा धाक नाही, आणि थंडीच्या निमित्ताने तरी पोरगी अंगभर कपडे घालेल. नवरा म्हणतो सोड, आजारी पडली की कळेल. रोज सकाळी भांडण होतं, ती डबा न घेता निघून जाते. मी जबरदस्ती करू का सोडून देऊ?"

ताई, सगळ्यात आधी हे सांगते की कोपऱ्यावर स्वेटर काढणारी तुमची मुलगी काही जगावेगळी नाही आणि तुमचा धाक कमी पडला असंही काही नाही. माझी सगळी नोकरी निफाडकडच्या एका शाळेत झाली, निफाडची थंडी नाशिककरांना सांगायची गरज नाही, २०१८ च्या डिसेंबरमध्ये तिथे पारा दोन अंशांच्याही आसपास गेला होता. द्राक्षाच्या बागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवायचे लोक, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. आणि त्याच पहाटे आमच्या प्रार्थनेच्या रांगेत नववी-दहावीची पोरं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उभी असायची, दोन्ही हात काखेत घालून, ओठ निळसर, आणि विचारलं की "नाही वाजत बाई थंडी". स्वेटर दप्तरात असायचे बरं का. पाचवीची मुलं कानटोपीसकट यायची आणि तीच मुलं आठवीत गेली की कानटोपी गायब. वर्षानुवर्षं हे बघितलंय. त्या वयात थंडी सहन होते, पण रांगेत एकट्यानेच कानटोपी घालून उभं राहणं सहन होत नाही.

पण तुमच्या मुलीच्या बाबतीत मला एक वेगळीच गोष्ट दिसली, ती तुम्ही पत्रात लिहिलीय पण तुमच्या लक्षात आली नसावी. ती ६ ला निघते आणि दीडला येते. आपल्याकडे नाशिकला डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठ-नऊ अंश असतं तेव्हा दुपारी किती असतं? २७-२८, कधी २९ सुद्धा. म्हणजे त्याच एका दिवसात, त्याच कपड्यात, २० अंशांचा फरक. तुम्ही सकाळच्या सहाचा विचार करून स्वेटर देता आणि ती दुपारच्या एकचा विचार करून टी-शर्ट घालते. दोघींचं आपापल्या जागी बरोबर आहे! कॉलेजात लॉकर नाही, बॅगेत वह्या-पुस्तकं, डबा, बाटली, त्यात हाताने विणलेला जाड लोकरीचा स्वेटर कुठे बसणार? मग दहा वाजल्यापासून तो कमरेला बांधून फिरायचा नाहीतर हातात घेऊन. तिने स्वेटर डिकीत टाकला, म्हणजे तिच्या परीने तिने जागा शोधली. घरी ठेवून आली असती तर तुमच्याशी भांडण झालं असतं, म्हणून घालून निघते आणि कोपऱ्यावर काढते. खोटं वागते असं वाटून तुम्हाला रडू आलं ते मी समजू शकते, पण मला त्यात खोटेपणापेक्षा भांडण टाळायची धडपड जास्त दिसते.

आता थंडीचं बोलू, कारण तुमची भीती खरी आहे आणि तिला नीट उत्तर हवं.

गार हवेने सर्दी "होत" नाही. सर्दी व्हायरसने होते, तो दुसऱ्या माणसाकडून येतो, शिंकेतून, हातातून, बंद खोलीतल्या हवेतून. क्लासची खोली आठवा, ८० पोरं, खिडक्या बंद, कारण बाहेर थंडी. तिथे लागण व्हायची शक्यता गाडीवरच्या वाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. पण म्हणून आपल्या आज्या-पणज्या अगदीच चुकीचं सांगत होत्या असंही नाही. ब्रिटनमध्ये कार्डिफ विद्यापीठात २००५ साली एक प्रयोग झाला होता, १८० जण घेतले, निम्म्यांना २० मिनिटं पाय गार पाण्यात बुडवून बसवलं आणि निम्म्यांना मोजे घालून रिकाम्या टबात. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाण्यात बसलेल्यांपैकी जास्त जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं. प्रयोग करणाऱ्यांचा अंदाज असा की अंग गार पडलं की नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, नाकाची स्वतःची राखण कमी पडते आणि आधीच आत येऊन बसलेला व्हायरस डोकं वर काढतो. त्या लोकांच्या नाकात व्हायरस होता की नाही हे मात्र त्यांनी तपासलं नव्हतं, त्यामुळे एवढ्यावरून फार मोठं काही म्हणू नये. पण एक टी-शर्ट म्हणजे न्यूमोनिया हे गणित डोक्यातून काढून टाका.

दुसरं, तिला खरंच तुमच्याइतकी थंडी वाजत नसेल. वाढत्या वयाचं शरीर वजनाच्या मानाने जास्त उष्णता तयार करतं. शिवाय ब्राऊन फॅट म्हणून चरबीचा एक प्रकार असतो, तो नुसता साठून राहत नाही, जळून अंगाला ऊब देतो. तान्ह्या बाळांमध्ये तो भरपूर असतो आणि वयात येणाऱ्या मुलांमध्येही मोठ्या माणसांपेक्षा जास्त सापडतो. म्हणून तुम्ही शाल गुंडाळून ओट्याशी उभ्या असता आणि ती पंख्याखाली झोपलेली असते. "मला थंडी वाजतेय म्हणजे तिलाही वाजत असणार" इथेच आपली आयांची चूक होते, तिचं अंग तिचं आहे ताई.

हे सगळं झालं, तरी मी तुम्हाला "सोडून द्या" म्हणणार नाहीये. कारण ती गाडीवर आहे. आणि दमा.

गाडीचं आधी सांगते. थंडी नुसत्या आकड्यावर नसते, वाऱ्यावर असते. अंगाभोवती गरम हवेचा एक पातळ थर आपण आपल्याच उष्णतेने तयार करत असतो, वारा तो सारखा उडवून नेतो. वाऱ्यामुळे थंडी किती वाढते याचं एक सूत्र आहे, कॅनडा-अमेरिकेत हवामान खाती वापरतात ते. त्यात घालून बघितलं तर ८ अंश तापमान आणि २५ चा वारा म्हणजे अंगाला साधारण ४ अंशांसारखं लागतं. गाडी २५ ने पळवली की समोरून तेवढा वारा येणारच, वरून खरा वारा असेल तर आणखी कमी. आणि यात सगळ्यात आधी काय गारठतं माहितीये? बोटं. छाती-पोट सांभाळायला शरीर हातापायांचं रक्त कमी करतं, तो त्याचा हिशोबच आहे. हँडलवर दहा मिनिटं उघडी बोटं ठेवली की ती बधिर होतात, मग ब्रेक दाबायला उशीर होतो, दाबला तरी किती दाबला ते नीट कळत नाही. समोरून कुत्रं आलं, दूधवाला आडवा आला, तर तिथे अर्धा सेकंदही महाग पडतो. मला विचाराल तर थंडीतली खरी काळजी ही आहे. आणि गंमत बघा, तुमच्या तीन आठवड्यांच्या भांडणात हातमोजे हा शब्द एकदाही आलेला नाही, निदान पत्रात तरी नाही. मी तुमच्या जागी असते तर स्वेटरचा विषय बंद करून आधी हातमोजे आणले असते. हातमोजे पातळच हवेत, बोटांना पकड राहील असे, आतून लोकर असलेले बोजड नकोत. ती स्वतः घालून ब्रेक दाबून बघू दे दुकानातच.

आता तो मरून स्वेटर. सासूबाईंनी मेहनतीने विणलाय, त्यामागचं प्रेम खरंय, पण गाडीवर विणलेला स्वेटर एकटा फारसा उपयोगाचा नसतो. लोकरीची ऊब म्हणजे लोकरीच्या धाग्यांत अडकलेली हवा. घरात बसलात, पारावर बसलात तर त्याच्यासारखं काही नाही. पण समोरून वारा आला की टाक्यांच्या भोकांतून तो सरळ आत येतो आणि ती अडकलेली गरम हवा घेऊन जातो. त्यापेक्षा साधं पातळ विंडचीटर, ज्यातून वारा जात नाही, ते टी-शर्टवर घातलं तरी गाडीवर जास्त काम करतं. तुमची मुलगी रोज "याने काय होतंय" म्हणत असेल तर शंभर टक्के चुकीचं बोलत नव्हती. आणि विंडचीटरचं चांगलं म्हणजे क्लासपाशी उतरलं की चेन काढली, घडी केली, डिकीत, संपलं. आजकाल तर घडी करून पाण्याच्या बाटलीएवढी होणारी पातळ जॅकेटंही मिळतात. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटला तिला घेऊन जा, म्हणजे खरं तर तिला आणि तिच्या मैत्रिणीला जाऊ द्या, पैसे द्या, आणि एकच अट सांगा की समोर चेन हवी आणि वारा अडला पाहिजे. रंग, फिटिंग, पाठीवर काय लिहिलंय, सगळं तिचं. काळंच घेईल बहुतेक. घेऊ दे. अंधारात काळं दिसत नाही म्हणून पाठीवर चमकणारी पट्टी असलेलं बघ एवढं मात्र सांगा.

दमा. इथे मी जरा कडक बोलणारे. गार आणि कोरडी हवा एकदम आत गेली की दमा असलेल्यांच्या श्वासनळ्या आकसतात, हे पक्कं माहितीतलं आहे. त्याला टी-शर्ट कारण नाही, नाक-तोंड उघडं असणं कारण आहे. नाकातून श्वास घेतला की हवा आत जाईपर्यंत गरम आणि ओलसर होते, तोंडाने घेतला की तशीच गार आत जाते. म्हणून नाकावर कापड. आणि इथे आपल्या पोरींचं मला कौतुक वाटतं, नाशिक-पुण्याच्या मुली गाडीवर बसताना तोंडाला जो स्कार्फ बांधतात ना, डोळे सोडून सगळं झाकणारा, तो उन्हासाठी-धुळीसाठी असला तरी थंडीत दम्यासाठी फार कामाचा आहे, कारण आपलाच उच्छ्वास त्यात अडकतो आणि पुढचा श्वास त्या उबेतून जातो. तुमची मुलगी बांधत असणारच. मग तिला सांगायला नवीन काही नाही, फक्त "हा सोडू नकोस" एवढंच, आणि वर हेल्मेट. शिवाय थंडीच्या पहाटे धूर वर जात नाही, जमिनीलगतच साचतो, त्यात कोपऱ्याकोपऱ्यावर कचऱ्याच्या शेकोट्या, वॉचमन लोक टायरसुद्धा जाळतात. तिला खोकला आला तर तो थंडीचा का धुराचा हे ठरवणं अवघड, स्कार्फ धूरही सगळा अडवत नाही, म्हणून अशा ठिकाणी न थांबता पुढे जायला सांगा.

आणि शेवटचा नेब्युलायझर कधी लागला होता ते तुम्ही लिहिलं नाहीये. बाळदमा बऱ्याच मुलांचा मोठेपणी जातो, काहींचा दबून राहतो आणि परत येतो. तेव्हा अंदाजावर ठेवू नका, या आठवड्यात डॉक्टरांकडे तिला घेऊन जा, तिच्यासमोर विचारा की इन्हेलर जवळ ठेवायचा का, कधी घ्यायचा. तुम्ही बोलू नका, तिला बोलू द्या. रात्री किंवा पहाटे खोकल्याने जाग येणं, छातीतून शिट्टीसारखा आवाज, जिना चढताना बाकीच्यांपेक्षा आधी दम लागणं, यातलं काही होत असेल तर ते तिलाच माहीत असणार, रोज भांडण असेल तर ती तुम्हाला सांगणार नाही, सांगितलं की स्वेटरवर येणार म्हणून. हे सगळ्यात मोठं नुकसान आहे या भांडणाचं.

आता जरा अवघड विषय, सासूबाईंचा. "थंडीच्या निमित्ताने तरी अंगभर कपडे घालेल." हे वाक्य तुमच्या मुलीने ऐकलंय का? ऐकलं असणारच, घर केवढं असतं आपलं. ताई, एकदा का मुलीला कळलं की थंडी हे निमित्त आहे आणि खरा मुद्दा बाह्या आणि गळा हा आहे, की मग तुम्ही थंडीबद्दल काहीही खरं सांगा, ती ऐकणार नाही. तिला वाटणार हे परत कपड्यांवरच आलं. मी अशा कितीतरी मुली बघितल्यात ज्यांना मे महिन्यात "ऊन लागेल, ओढणी घे", पावसात "भिजशील, ओढणी घे" आणि थंडीत "गारठशील, ओढणी घे" असं ऐकायला लागतं, तीन ऋतू आणि उपाय एकच! पोरी मूर्ख नसतात. तेव्हा सासूबाईंशी तुम्ही एकदा शांतपणे बोला, मुलगी घरात नसताना. कपड्यांचं काय असेल ते वेगळं, त्यावर तुमचं जे मत असेल ते तिच्याशी वेगळं बोला, पण थंडी त्यात मिसळू नका. जॅकेटच्या आत तिने काय घातलंय हा प्रश्न सकाळी ६ वाजता कोणीही काढायचा नाही, हे घरात ठरवून टाका. नाहीतर ती जॅकेटही कोपऱ्यावर काढेल.

आणि सासूबाईंना काम द्या. खरंच सांगते. पोरगी डबा न घेता उपाशी जाते हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला ते वाचून स्वेटरपेक्षा जास्त काळजी वाटली. अंगात ऊब येते ती अन्नातून, चुलीत लाकूडच नाही तर वरून कितीही गोधड्या घाला, काय उपयोग. रिकाम्या पोटी ६ ला निघून ११ पर्यंत काही खात नसेल तर तिला थंडीही वाजणार आणि फिजिक्सही डोक्यात शिरणार नाही. आजीने डिंकाचे लाडू करावेत, अळिवाचे करावेत, नातीला आवडतील ते, आणि सकाळी दारात स्वेटरऐवजी लाडू हातात ठेवावा. गरम दूध नाहीतर चहा, दोन घोट. एवढं खाऊन निघाली तर निम्मी लढाई तिथेच जिंकली. आजीलाही आपण पोरीसाठी काहीतरी करतोय असं वाटेल, त्या स्वेटरमागेही तेच तर होतं.

तुमचे मिस्टर म्हणतात आजारी पडली की कळेल. त्यात थोडं खरं आहे पण मला ते वाक्य आवडत नाही, आजारपणाची वाट बघायची नसते. थंडी वाजून कळणं वेगळं. माझ्या मुलाचं सांगते. दहावीची परीक्षा झाल्यावर पुढच्या डिसेंबरात मित्रांबरोबर कळसूबाईला गेला, रात्रीचा ट्रेक, सूर्योदय बघायचा म्हणून. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक. मी चार वेळा जॅकेट म्हटलं, त्याने चार वेळा नाही म्हटलं, कॉटनचा टी-शर्ट घालून गेला. बारी गावातून रात्री २ ला चढायला लागले, चढताना घाम निघाला, मला तर म्हणे मस्त गरम होत होतं. लोखंडी शिड्या चढून वर पोचले तेव्हा पाच वाजले होते, टी-शर्ट घामाने चिंब, वर वारा, आणि सूर्य उगवायला अजून दोन तास. कॉटन ओलं झालं की वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतं. देवळाच्या भिंतीआड बसून राहिला, दात वाजत होते, बोलताना शब्द नीट येईनात. त्याच्या एका मित्राने स्वतःचा कोरडा शर्ट आणि शाल दिली, ओला टी-शर्ट काढायला लावला, खाली चहाच्या टपरीवर आणून बसवला. हे सगळं मला त्या मित्राकडून कळलं, तेही दोन वर्षांनी! मुलाने घरी येऊन "मजा आली" एवढंच सांगितलं होतं. पण पुढच्या वेळी निघताना मी बघितलं, बॅगेत एक कोरडा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत आणि त्यावर जॅकेट. मी काही बोलले नाही. बोलले असते तर बहुतेक काढून ठेवलं असतं त्याने.

यावरून दोन गोष्टी तुमच्या मुलीलाही सांगून ठेवा. थंडी वाजून थरथर होणं हे चांगलं लक्षण आहे, शरीर लढतंय. पण बोलताना अडखळणं, बोटांनी साधी चेन लावता न येणं, पेंगणं, आणि थरथर होत असताना ती अचानक थांबणं, ही धोक्याची घंटा. मग ओले कपडे बदलायचे, वाऱ्यातून आडोशाला जायचं, गरम गोड काहीतरी प्यायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. इंदिरानगर ते क्लास या रस्त्यात असं काही होणार नाही, पण सहलीला, ट्रेकला, उद्या मनालीला गेली तर होऊ शकतं. अशा ठिकाणी मात्र तुम्ही ठाम राहा. तिथे टी-शर्टवर वाटाघाटी नाहीत. ताप असेल, दमा उठला असेल, अवकाळी पावसात भिजून वारा लागणार असेल, तेव्हाही नाहीत. बाकीच्या रोजच्या सकाळी तिच्या हातात द्या.

आणखी एक. तुमची मुलगी थंडी वाजत नाही म्हणते, ते मला बरं वाटतं. जी मुलगी दोन स्वेटर घालूनही दुपारी कुडकुडते, तिची मला जास्त काळजी वाटते. आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांना रक्त कमी आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा आहे हा. हिमोग्लोबिन कमी असलं, थायरॉइडचं काही असलं, किंवा बारीक व्हायच्या नादात पोरगी खातच नसली की सारखी थंडी वाजते, आणि अशा मुली उलट ढगळ हूडीत स्वतःला लपवतात, घरच्यांना वाटतं किती शहाणी, न सांगता स्वेटर घालते. डॉक्टरांकडे दम्यासाठी जातच आहात तर हिमोग्लोबिन पण बघून घ्या. दहा मिनिटांचं काम.

आणि हो, कानटोपी. "डोक्यातूनच सगळी थंडी शिरते" असं आपण म्हणतो, ते तितकं खरं नाही, डोकं म्हणजे अंगाचा साधारण दहावा भाग, तेवढीच उष्णता तिथून जाते. कान लवकर गारठतात, दुखतात, ते खरं. पण हेल्मेट आणि स्कार्फ असेल तर कान झाकलेच जातात, तेव्हा कानटोपीवरून एकही शब्द खर्च करू नका.

कधी बोलायचं हे पण सांगते, कारण तुमच्याकडे सगळं बोलणं सकाळी पावणेसहाला दारात होतंय. त्या वेळी तुम्ही घाईत, ती घाईत, तिला उशीर झालेला, टेस्ट असणार. तिथे काही ठरत नाही. रविवारी दुपारी बोला, जेवणं झाल्यावर. आधी तिला सांगा की डिकीतला स्वेटर बघून मला वाईट वाटलं, पण तू दीडपर्यंत तो कुठे ठेवणार होतीस हा विचार मी केला नव्हता. एवढं आईकडून ऐकलं ना, की मुलं मऊ होतात, मी बघितलंय. मग विचारा, गाडीवर सगळ्यात जास्त कुठे गार लागतं? ती म्हणेल हात. किंवा गुडघे. मग हातमोज्यांचं ती स्वतःच काढेल, नाही काढलं तर तुम्ही काढा. जॅकेट तिचं ती आणेल, गाडीवर असेपर्यंत घालेल, उतरल्यावर तिची मर्जी. स्कार्फ नाकावर. डॉक्टरांनी सांगितला तर इन्हेलर बॅगेच्या पुढच्या कप्प्यात. खाल्ल्याशिवाय निघायचं नाही. यापलीकडे तुम्ही रोज काही विचारणार नाही असा शब्द तुम्ही तिला द्या, आणि तो पाळा, कारण तिचं लक्ष त्याच्यावरच असणार आहे. एखाद्या सकाळी ती जॅकेट विसरेल. विसरू दे. हाक मारू नका, ८ अंशांत १५ मिनिटं गारठली तर स्कार्फ आणि हातमोजे असताना तिला काही होणार नाही, दुसऱ्या दिवशी आपणहून घेईल.

डिकीतला तो मरून स्वेटर मात्र घरात आणून कपाटात ठेवू नका. धुवा, सावलीत वाळवा, एका पिशवीत घडी करून परत डिकीतच ठेवा, तिला सांगून. क्लासमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, किंवा एखाद्या दिवशी तिच्या मैत्रिणीला थंडी वाजली, तर बाहेर येईल तो.